गोळी जुनीच बरी. तपासणी तेवढी जवळ आणा

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या माणसाशेजारी रात्रीच्या शांततेत बसले, तर घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. घरच्यांना महिन्याभरात तिची सवय होते. पुढे ती ऐकू आली नाही तरच काळजी वाटते. ही काळजी रास्त आहे. झडपेची चकती हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला उघडते आणि मिटते, म्हणजे दिवसाला साधारण एक लाख वेळा. तिच्यावर रक्ताची गुठळी जमली तर ती अडकते, आवाज मंदावतो आणि बघता बघता माणूस धापेने बेजार होतो. तीच गुठळी सुटून मेंदूत गेली तर अर्धांगवायू होतो. हे होऊ नये म्हणून रोज एक छोटी, काही रुपयांची गोळी घ्यावी लागते. तीही आयुष्यभर.

अलीकडे या रुग्णांकडून एक प्रश्न वारंवार येतो. यवतमाळकडच्या बोलीत तो असा असतो : "डाक्टर सायेब, नवी गोयी निघाली म्हनते. तिच्यासाठी रक्त तपासा लागत नाही म्हनते. मले तेच लिहून द्या ना." या प्रश्नाच्या उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला असा, की ती नवी गोळी यांत्रिक झडपेला चालत नाही. हा भाग डॉक्टर सांगतात. दुसरा भाग असा, की जुनी गोळी लिहून दिली आणि तिच्या तपासणीची सोय मात्र केली नाही, तर उपचार अर्धवटच राहतो. हा भाग फारसा कोणी बोलत नाही. आज त्यावरच बोलायचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातले कळंब घेऊ. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक असलेल्या चिंतामणीचे हे गाव. मंदिरात दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावे लागते. पूर्वी एका दमात त्या चढून वर येणारी एखादी तिशीतली बाई मध्येच कठड्याला धरून उभी राहू लागली, तर घरचे म्हणतात, "अशक्तपणा आला असंल." पुष्कळदा तो अशक्तपणाच असतो. पण काही जणींच्या बाबतीत ती धाप लहानपणच्या एका घसादुखीचा हिशेब चुकता करत असते. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे घसा येतो, त्यातून काही मुलांना सांधेदुखी आणि ताप येतो, आणि तो आजार हृदयाच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. याला संधिवाताचा हृदयरोग म्हणतात. श्रीमंत देशांतून तो जवळपास गेला. दाटीवाटीची घरे आणि उशिरा मिळणारे उपचार जिथे आहेत तिथे तो टिकून आहे. पाश्चात्त्य देशांत झडप बदलून घेणारा माणूस बहुधा सत्तरीचा असतो. आपल्याकडे तो पंचविशीचा, तिशीचा, शेतात राबणारा, लेकरेबाळे असलेला असतो. सारा फरक इथून सुरू होतो.

झडप फारच खराब झाली की ती बदलावी लागते. नवी झडप दोन प्रकारची असते. एक जनावराच्या ऊतींपासून केलेली. तिला बहुधा पहिले काही महिनेच रक्त पातळ ठेवावे लागते, पण ती कालांतराने झिजते, आणि तरुण माणसात लवकर झिजते. दहा-पंधरा वर्षांत दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. दुसरी यांत्रिक, धातू आणि कार्बनची. ती सहसा झिजत नाही, पण तिच्यासाठी गोळी जन्मभराची. म्हणून तरुणांना बहुधा यांत्रिक झडप सुचवली जाते. ही झडप गरिबाच्या आवाक्यात यावी म्हणून आपल्या देशाने मोठे काम केले आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार झाली. बरीच वर्षे आणि अनेक फसलेले नमुने यांच्यानंतर ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. तेव्हापासून लाखाहून अधिक रुग्णांना ती बसली आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. म्हणजे झडप आहे, शस्त्रक्रिया आहे, गोळीही स्वस्त आहे. साखळीतली एकच कडी कच्ची राहिली आहे.

ती कडी कोणती, हे कळण्यासाठी गोळीचा स्वभाव पाहावा लागेल. तिची कहाणी गुराढोरांपासून सुरू होते. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गाई-बैल किरकोळ जखमेनेही रक्त वाहून मरू लागले. कारण निघाले बुरशी लागलेल्या चाऱ्यात. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेले वासरू आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन, बर्फाच्या वादळातून कार्ल लिंक या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि सहकाऱ्यांनी काही वर्षे खपून चाऱ्यातले ते द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातले वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून. १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. आपल्याकडे याच कुळातले अ‍ॅसेनोकुमॅरॉल अधिक वापरतात. मेडिकलवर ते अ‍ॅसिट्रॉम या नावाने ओळखले जाते.

या गोळ्या 'क' नव्हे, 'के' जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतात. रक्त गोठवणारे चार महत्त्वाचे घटक यकृत या जीवनसत्त्वाच्या मदतीने तयार करते. गोळीमुळे ते चारही कमी पडतात आणि रक्त उशिरा गोठते. आपण सोयीसाठी 'रक्त पातळ होते' म्हणतो; प्रत्यक्षात ते पातळ होत नाही, त्याला गोठायला वेळ लागतो. किती वेळ, हे मोजणारी तपासणी म्हणजे आयएनआर. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. महाधमनीच्या जागी यांत्रिक झडप असेल तर तो बहुधा २ ते ३ ठेवतात, मायट्रल झडपेच्या जागी असेल तर २.५ ते ३.५. त्याच्या खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. वाट अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना खड्डा आहे.

शिवाय ही वाट रोज थोडी सरकते. एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाला १ मिलिग्रॅम पुरते, दुसऱ्याला ४ लागतात. हा फरक बराचसा जनुकांचा. हिवाळ्यात मेथी, पालक स्वस्त झाले, घरात सांबारवडी आणि पातळभाजी रोज होऊ लागली की 'के' जीवनसत्त्व वाढते आणि आयएनआर खाली येतो. उन्हाळ्यात भाजी महागली, नुसत्या वरण-भाकरीवर दिवस निघाले की तो वर जातो. जुलाबावर दिलेले मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गावरचे सल्फाचे औषध, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल यांनी तो झपाट्याने वाढतो. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने तो इतका पडतो की गोळीचा डोस कितीतरी वाढवावा लागतो; आणि क्षयाचा कोर्स संपल्यावर तो वेळेत कमी केला नाही तर रक्तस्राव होतो. अंगदुखीवर घेतलेली डायक्लोफिनॅकची गोळी आयएनआर फारसा न हलवताही पोटात रक्तस्राव घडवू शकते. एकाच वेळी खूप दारू पोटात गेली तर वेगळाच गोंधळ. यातले काहीही तोंडावर दिसत नाही. ते फक्त रक्तात दिसते, आणि तेही तपासले तरच.

म्हणून रक्त तपासावे न लागणाऱ्या गोळ्यांचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन ही त्यांची नावे. ज्यांच्या झडपा मूळच्या आहेत आणि फारशा आकुंचित नाहीत, पण हृदयाचा ताल बिघडला आहे, किंवा ज्यांच्या पायाच्या शिरेत गुठळी झाली आहे, अशा असंख्य रुग्णांना या गोळ्यांनी खरोखर दिलासा दिला. ठरलेला डोस, पथ्य कमी, महिन्याची सुई नाही. साहजिकच यांत्रिक झडपेवरही त्या वापरून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष निराशाजनक निघाले.

डॅबिगॅट्रान आणि वॉरफरिन यांची तुलना करणारा 'री-अलाइन' हा अभ्यास दहा देशांत चालला होता. २५२ रुग्ण झाले तेव्हाच तो थांबवावा लागला. डॅबिगॅट्रान घेणाऱ्यांपैकी ५ टक्के लोकांना पक्षाघात झाला; वॉरफरिन घेणाऱ्यांत एकालाही नाही. मोठा रक्तस्रावही नव्या गोळीच्या गटातच अधिक झाला. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. मग वाटले, औषध बदलून पाहू, आणि गुठळ्या कमी धरणारी झडप निवडू. 'ऑन-एक्स' नावाची अशी झडप महाधमनीच्या जागी बसवलेल्या ८६३ रुग्णांत अ‍ॅपिक्सॅबॅनची चाचणी झाली. २०२२ मध्ये तीही मुदतीआधी बंद करावी लागली. झडपेवर गुठळी किंवा गुठळीमुळे इजा होण्याच्या घटना अ‍ॅपिक्सॅबॅनच्या गटात २० झाल्या, वॉरफरिनच्या गटात ६.

असे का व्हावे? नव्या गोळ्या रक्त गोठण्याच्या साखळीतली एकच कडी अडवतात. यांत्रिक झडपेच्या परक्या पृष्ठभागावर आणि तिच्या कडांशी घुसळणाऱ्या रक्तात मात्र ती साखळी अनेक ठिकाणांहून सुरू होते. एका फाटकावर पहारा ठेवावा आणि लोंढ्याने बाकीच्या वाटांनी आत यावे, तसे काहीसे. जुनी गोळी चार फाटके थोडी थोडी लोटून ठेवते. संशोधकांना आजवर पटलेले स्पष्टीकरण हे आहे.

तिसरा अभ्यास आपल्याला सर्वांत जवळचा आहे. 'इन्व्हिक्टस' हे त्याचे नाव. दिल्लीच्या एम्समधले डॉ. गणेशन कार्तिकेयन यांचा त्यात पुढाकार होता आणि आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिकेतले चोवीस देश त्यात होते. रुग्ण यांत्रिक झडपेचे नव्हते. संधिवाताच्या हृदयरोगाने झडप खराब झालेले आणि ताल बिघडलेले होते. म्हणजे पायऱ्यांवर थांबणारी ती बाई, शस्त्रक्रियेच्या आधीची. साडेचार हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना रिव्हरॉक्सॅबॅन मिळाले, निम्म्यांना वॉरफरिनच्या कुळातली गोळी. अपेक्षा होती की नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीची ठरेल. २०२२ मध्ये निष्कर्ष आले : नव्या गोळीच्या गटात ५५२ मृत्यू, जुनीच्या गटात ४४२.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सुरुवातीला जुन्या गोळीच्या गटातल्या जेमतेम एक तृतीयांश रुग्णांचा आयएनआर योग्य पट्ट्यात होता. अभ्यास चालू असताना हे प्रमाण ५६ ते ६५ टक्क्यांवर गेले. अभ्यासामुळे नियमित बोलावणे, नियमित सुई, नियमित डोस बदल झाला, म्हणून ते सुधारले. आणि शंभर टक्के नव्हे, एवढेच सुधारूनही जुनी गोळी सरस ठरली. काही तज्ज्ञांनी असेही सुचवले आहे की आयएनआरच्या निमित्ताने रुग्ण पुन्हा पुन्हा डॉक्टरांच्या नजरेखाली येत राहिला, हाही फायद्याचा एक भाग असावा. पायाची सूज, वाढलेली धाप, सुटलेली दुसरी औषधे या भेटींमध्ये पकडली जातात. ज्या तपासणीला आपण कटकट म्हणतो, तीच कदाचित निम्मा उपचार असेल.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ज्यांची झडप जनावराच्या ऊतींची आहे आणि ताल बिघडला आहे, अशांचा प्रश्न निराळा. ब्राझीलमध्ये हजारभर रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्यांच्यासाठी रिव्हरॉक्सॅबॅन वॉरफरिनच्या तोडीचे ठरले. म्हणून शेजारच्या काकांना झडप बदलल्यावर नवी गोळी दिली आणि आपल्याला जुनी, यात डॉक्टरांचा भेदभाव नसतो. झडप वेगळी असते. आपली झडप कोणती, कोणत्या जागी आणि कोणत्या साली बसवली, हे प्रत्येक रुग्णाला तोंडपाठ असले पाहिजे.

आता पुन्हा कळंबला येऊ. गाव काही आडरानात नाही. यवतमाळ पंचवीसेक किलोमीटरच्या आत, वर्धा चाळीस-पन्नास, नागपूर सव्वाशेच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्‌घाटन झाले. नकाशावर पाहिले तर सेवाग्राम, सावंगी, यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सगळी मोठी रुग्णालये हाताशी वाटतात. पण रुग्ण नकाशावर राहत नाही. तो तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात राहतो. आयएनआर जिल्ह्याच्या गावीच होत असेल तर त्याला सकाळची पहिली गाडी धरून कळंब, तिथून यवतमाळ, रांग, सुई, दुपारपर्यंत रिपोर्टची वाट, मग तो डॉक्टरांना दाखवून डोस विचारणे, आणि अंधारात परत, एवढे करावे लागते. बायकांना एसटीचे तिकीट मार्च २०२३ पासून निम्मे झाले. बुडालेली मजुरी मात्र निम्मी होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणती बाई महिन्यातला एक दिवस त्यासाठी काढेल? ती म्हणते, "मागच्या वेळी बरोबर होतं, या वेळी राहू द्या." अशा दोन-तीन 'राहू द्या'मध्ये आयएनआर कुठे गेला, हे कुणालाच कळत नाही.

माझे म्हणणे असे, की या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या नव्या पिढीत शोधण्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात शोधावे. यासाठी हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही. बोटाच्या टोकाला टोचून एका थेंबावर मिनिटभरात आयएनआर सांगणारे, साखर मोजण्याच्या यंत्रासारखे छोटे यंत्र मिळते. जर्मनीसारख्या देशात कित्येक रुग्ण ते घरीच वापरतात. आपल्याकडे त्याची पट्टी एकेकट्या रुग्णाला परवडणारी नाही, हे खरे. पण एका तालुक्याला एक यंत्र आणि सरकारी खरेदीने घेतलेल्या पट्ट्या, ही चैन नव्हे. आठवडी बाजाराच्या दिवशी लोक तसेही तालुक्याला येतात. त्याच दिवशी दोन तास आयएनआरची खिडकी उघडी ठेवावी. तालुक्यातल्या यांत्रिक झडपेच्या रुग्णांची एक वही असावी. जो आला नाही त्याच्या गावच्या आशाताईला निरोप जावा. आकडा पट्ट्याबाहेर असेल तर त्याच वेळी फोनवर तज्ज्ञाशी बोलून डोस ठरावा. दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सरकारी व्यवस्था आता रुळली आहे. तिचा इतका सरळ उपयोग दुसरा सापडणार नाही.

यंत्र नसेल तरी काम अडत नाही. निळ्या झाकणाच्या नळीत खुणेपर्यंत बरोबर भरलेले रक्त त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचले तर आयएनआर नीट करता येतो. सरकारी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून नेणाऱ्या गाड्या राज्यात फिरतातच. माणसाने प्रवास करण्यापेक्षा नळीने करावा.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकले पाहिजेत. एक असा, की एका तालुक्यात असे रुग्ण असतील किती? मूठभर. मधुमेह, रक्तदाब यांच्या तुलनेत नगण्य. मान्य. पण या मूठभरांच्या छातीत झडप बसवण्यासाठी सरकारने योजनेतून भरपूर पैसा आधीच खर्च केला आहे. काही शस्त्रक्रियांनंतर ठरावीक काळ फेरतपासणीची सोय योजनेत असते. झडपेचा रुग्ण मात्र तीस-चाळीस वर्षे जगावा म्हणून तिशीत शस्त्रक्रिया करून घेतो. विहीर खणून द्यायची आणि दोर द्यायचा नाही, असा हा हिशेब आहे. अडकलेली झडप सोडवण्यासाठी अतिदक्षता विभागातले औषध किंवा दुसरी शस्त्रक्रिया लागते, आणि अर्धांगवायू झालेल्या कर्त्या बाईमागे सारे घर बसते. त्यापुढे पट्टीचा खर्च किती?

दुसरा आक्षेप अचूकतेचा. बोटावरच्या यंत्राचा आकडा फार वर गेला की तो विश्वासाचा राहत नाही, आणि रक्त फारच कमी असलेल्या रुग्णात चुकू शकतो. हेही खरे. म्हणून आकडा ४-५च्या पुढे दाखवला तर शिरेतले रक्त घेऊन खात्री करावी, हा नियम खिडकीवरच लिहून ठेवावा. अचूक यंत्र शंभर किलोमीटरवर असण्यापेक्षा बऱ्यापैकी अचूक यंत्र बाजाराच्या रस्त्यावर असणे अधिक जीव वाचवेल, असे मला वाटते. क्षयाच्या गोळ्या आपण गावोगाव पोहोचवल्या, सिकलसेलची तपासणी याच विदर्भात शाळाशाळांतून केली. त्यामानाने हे काम लहान आहे.

तिसरी गोष्ट शस्त्रक्रिया करणाऱ्यांसाठी. झडप कोणती घ्यायची हे ठरवताना वय, हृदयाची स्थिती हे सगळे पाहिले जाते. त्या यादीत एक प्रश्न घालावा : "तुमच्या गावाहून आयएनआर कुठे करणार? कोण नेणार?" उत्तर नसेल तर यांत्रिक झडपेचा आग्रह धरताना दोनदा विचार व्हावा. विशेषतः ज्या तरुणीला अजून मूल हवे आहे, तिच्याशी आणि तिच्या सासरच्यांशी हे आधीच बोलायला हवे. वॉरफरिनच्या कुळातल्या गोळ्या गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला इजा करू शकतात. डोस जितका जास्त तितका धोका अधिक. त्या काळात काही जणींना हेपॅरिनच्या इंजेक्शनवर ठेवतात, कमी डोसवर असलेल्या काही जणींना गोळीच सुरू ठेवतात. हा निर्णय तज्ज्ञांचा. मात्र पाळी चुकली म्हणून घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे सर्वांत धोक्याचे, कारण गर्भारपणात रक्त मुळातच लवकर गोठते. अशा वेळी आई आणि बाळ दोघेही जाऊ शकतात. ऊतींची झडप घेतली तर हा पेच टळतो, पण काही वर्षांनी दुसरी शस्त्रक्रिया पदरात येते. दोन्ही बाजू सांगून निवड तिच्यावर सोडणे, हेच प्रामाणिक.

खिडकी उघडेपर्यंत रुग्णाने आणि घरच्यांनी काय करावे? गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी आणि घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी. अ‍ॅसेनोकुमॅरॉलचा परिणाम लवकर ओसरतो, त्यामुळे चुकलेली एक-दोन दिवसांची गोळीही महाग पडते. चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. मेडिकलवर पाकिटावरचे मिलिग्रॅम वाचूनच गोळी घ्यावी. अ‍ॅसेनोकुमॅरॉल आणि वॉरफरिन यांची मिलिग्रॅमची मात्रा सारखी नसते, त्यामुळे एकाऐवजी दुसरी तितकीच चालत नाही. पालेभाजी सोडू नये. वर्षभर थोडी थोडी, सारख्या प्रमाणात खावी. कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे असावे : "मला झडप बसवली आहे, मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो." कमरेत सुई घेऊ नये, तिथे आत रक्त साकळू शकते. दात काढायचा असेल तर गोळी स्वतःहून बंद करू नये. आयएनआर पट्ट्यात असेल तर बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढता येतो. नवे औषध सुरू झाले किंवा बंद झाले, की आठवड्याभरात आयएनआर करून घ्यावा. पावसाळ्यात साप चावला तर ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना लगेच सांगावे. काही सापांच्या विषानेही रक्त गोठेनासे होते, आणि ही माहिती नसेल तर निदानात गोंधळ होतो.

आणि काही खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मार. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे. एकाएकी वाढलेली धाप, आणि ती टिकटिक मंदावणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.

पुढे कधीतरी यांत्रिक झडपेला चालणारी, तपासणी न लागणारी गोळी येईलही. संशोधन थांबलेले नाही. पण आज तिशीत असलेल्या बाईला त्या दिवसापर्यंत जगायचे आहे. तिची गोळी ठरलेली आहे, ती स्वस्त आहे आणि ती काम करते. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आयएनआर आठवड्याच्या कोणत्या दिवशी होतो, हे एकदा विचारून पाहा. उत्तरात वार सांगितला गेला, तर उत्तम. न सांगितला गेला, तर पुढच्या ग्रामसभेत विचारायचा प्रश्न तुमच्या हातात आहे.